मुलांचं सॉकर: पालकांची टीम की ट्रॅव्हल क्लब?

आंबेमोहर (बे एरिया):
ट्रायआउटचा, म्हणजे क्लबांच्या निवड चाचण्यांचा, मोसम आलाय आणि लेकीच्या टीममधल्या आया एकमेकींना चुकवायला लागल्यात. कोण ट्रॅव्हल क्लबात (पैसे घेऊन शिकवणाऱ्या, गावोगावी टूर्नामेंटला नेणाऱ्या) चाललंय, कोण नाही, कुणी बोलेना! लेक नऊ वर्षांची, एवायएसओ या मुलांच्या सॉकर संस्थेत खेळते. १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या टॉरन्समध्ये सुरू झालेली ही संस्था स्वयंसेवक पालकांवर चालते. कोच आईबाबाच, आणि नियम असा की प्रत्येक मुलाला निदान अर्धा सामना खेळायला मिळालाच पाहिजे. क्लबांमध्ये अशी हमी सहसा नसते. वर्षाची फी दोन-तीन हजार डॉलर, वर गणवेश, टूर्नामेंटची हॉटेलं. एवढं मोजून पोर बाकावर बसणार! माझ्या मते बारा वर्षांपर्यंत क्लबाच्या वाटेला जाऊच नये.

गोलकीपरचा बाबा (न्यू जर्सी):
साफ असहमत. आमच्या रेक टीमचे (पालकांनी चालवलेल्या हौशी टीमचे) कोच सज्जन गृहस्थ, पण जन्मात बॉलला पाय लावलेला नाही. त्यांचे चिरंजीव कायम फॉरवर्ड, माझा मुलगा कायम गोलमध्ये. आठवड्यात एक प्रॅक्टिस, त्यातला निम्मा वेळ बुटांच्या नाड्या बांधण्यात. क्लबात गेल्यावर पोरगा डाव्या पायानेही नीट पास द्यायला लागला. लायसन्सवाला कोच आठवड्यात तीन दिवस शिकवतो, त्याला पैसे नकोत? पियानोच्या बाईंना देताना कुणी कुरकुरत नाही. आणि बारापर्यंत थांबलात तर ट्रायआउटला समोर चार वर्षं क्लबात घोटलेली मुलं उभी असतील. तेव्हा काय करणार?

मध्यरेषा (डॅलस):
तुम्ही दोघंही आपापल्या पोराबद्दल बोलताय. ज्यांना हे हजारो डॉलर परवडतच नाहीत त्यांचं काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला क्लिंट डेम्प्सी टेक्ससमधल्या नॅकोडोचेसचा. आईबाबा त्याला तीन-तीन तास गाडी हाकत इथे डॅलसच्या क्लबात आणायचे. बहिणीच्या टेनिसला वेळ आणि पैसा लागायला लागला तेव्हा त्याला क्लब सोडावा लागला होता. पुढे टीममधल्या इतर पालकांनी खर्चाला हात दिला. ज्यांना असा हात मिळाला नाही ते कुठे गेले? ऑक्टोबर २०१७ मध्ये त्रिनिदादकडून २-१ हरून अमेरिका विश्वचषकाला मुकली, तेव्हा पालकांच्या पैशावर चालणाऱ्या याच पद्धतीवर सगळे तुटून पडले होते.

गोम पैशाच्या उलट्या प्रवाहात आहे. खेळाडू परदेशी क्लबला विकला गेला की रकमेतला ५ टक्क्यांपर्यंतचा वाटा १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना द्यायचा, असा फिफाचा नियम. अमेरिकेत फेडरेशनने, म्हणजे राष्ट्रीय सॉकर संघटनेने, तो वर्षानुवर्षं लागूच होऊ दिला नाही. एमएलएस या इथल्या व्यावसायिक लीगनेसुद्धा हे पैसे मागायचं ठरवलं ते २०१९ मध्ये. मग तुमच्या गावातला क्लब खर्च कुठून काढणार? तुमच्याच खिशातून.

गोलकीपरचा बाबा:
मुद्दा मान्य. पण ते फेडरेशनने निस्तरावं. तोवर माझ्या मुलाने मोठं व्हायचं थांबायचं का?

उत्तरध्रुव (ओस्लो):
इथे नॉर्वेत लहान मुलांचे कोच बहुतेक आईबाबाच. अकराव्या वर्षापर्यंत गुणतक्ते नाहीत, तेरापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. स्टार फुटबॉलपटू हालांड याच देशातला, ब्रुनेसारख्या लहान गावात वाढलेला. मात्र हे फुकट होतं असं समजू नका. टीमसाठी पैसे उभे करायला इथले पालक टॉयलेट पेपरचे गठ्ठे विकतात. मीही शेजाऱ्यांच्या गळ्यात मारलेत.

आंबेमोहर:
टॉयलेट पेपर चालेल! @गोलकीपरचा बाबा, तुमचं भांडण त्या एका कोचशी आहे. आमच्याकडे कोचला आधी कोर्स करावा लागतो, पार्श्वभूमीही तपासतात. चिरंजीव फॉरवर्ड हा रोग मात्र इथेही आहे, नाकारत नाही.

गोलकीपरचा बाबा:
ऑनलाइन कोर्स करून डावा पाय शिकवता येत असेल तर मीच करतो की.

कढीपत्ता (सिअ‍ॅटल):
करा हो, खरंच करा. आमच्या रेकमध्ये फॉल सीझनसाठी (शरद ऋतूतल्या मोसमासाठी) कोच मिळत नाहीत म्हणून टीम अडून राहिल्यात. वर रेकची बाजू घेणाऱ्यांपैकी कुणी नाव नोंदवलंय?

आंबेमोहर:
नवऱ्याचं नोंदवलंय. त्याला अजून सांगायचंय.