राणी नको, दासीची गोष्ट सांगा

पाटीपेन्सिल
मंडळी, जरा मदत हवी आहे. डोंबिवलीत आम्ही पाच जणी महिन्यातून एकदा जमतो. एक पुस्तक, आणि जिच्या घरी बैठक तिच्या हातचं खाणं. भाचीनं मॅडलिन मिलरचं 'सर्सी' (२०१८) हातात ठेवलं आणि आम्ही ग्रीक बायकांच्या नादी लागलो. सर्सी मनापासून आवडली. होमरच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्यात ती येते माणसांची डुकरं करणारी चेटकीण म्हणून. इथे ती पाला खुडते, वाटते, चुकते, पुन्हा वाटते. विद्या हाताला बसेपर्यंत बेटावर एकटी खपते.

मग एरिआडनीवरची कादंबरी झाली, क्लायटेम्नेस्ट्रा राणीवरची झाली आणि माझा दम संपला. पुस्तक मधेच उघडलं तर कोण बोलतंय ते कळेना. सगळ्या राजकन्या नाहीतर देवकन्या, सगळ्या पहिल्या पानापासून शहाण्या, आणि प्रत्येकीची तक्रार एकच: माझी बाजू कुणी ऐकलीच नाही. अगं क्लायटेम्नेस्ट्राबाई, तुझी ऐकली की! तुला नाटककार एस्किलसनं इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये अख्खा रंगमंच मोकळा करून दिला होता.

तर प्रश्न असा: या राण्यांच्या घरी जी पाणी भरत होती, फरशी पुसत होती, तिची गोष्ट कुणी लिहिली आहे का? पुढची बैठक माझ्याकडे आहे. साबुदाणा वडे ठरलेत, पुस्तक ठरत नाहीये.

रात्रपाळी
ताई, मार्गारेट अ‍ॅटवुडचं 'द पेनेलोपियाड' (२००५). छोटंसं आहे, दोन रात्रींत होतं.

पण त्याआधी ओडिसीचा बाविसावा सर्ग वाचाच. राजा ओडिसियसनं आपल्या राणीच्या, पेनेलोपीच्या, मागे लागलेल्या सगळ्यांना मारलेलं असतं. मग तो म्हाताऱ्या दाईला विचारतो, दासींपैकी फितूर कोण? ती सांगते, घरात पन्नास आहेत, त्यातल्या बारा जणी त्या लोकांबरोबर निजत होत्या. त्या बारा जणींना आधी प्रेतं बाहेर काढायला लावतात. मग पाणी आणि स्पंज घेऊन टेबलं-खुर्च्या पुसायला लावतात. आवराआवर झाली की अंगणात नेतात. बाप म्हणालेला असतो, तलवारीनं मारा. मुलगा टेलेमॅकस म्हणतो, छे, इतकं चांगलं मरण यांना नको, आणि जहाजाचा दोर बांधून सगळ्यांना ओळीनं लटकवतो. होमर म्हणतो, जाळ्यात सापडलेल्या पाखरांसारख्या; पाय थोडा वेळ झाडले, फार वेळ नाही. पेनेलोपी या वेळी वर झोपलेली असते!

अ‍ॅटवुडनं या बारा जणींचा कोरस केलाय, म्हणजे ग्रीक नाटकात असतो तसा गाणाऱ्यांचा ताफा. त्यांचं पहिलंच गाणं दोरीवरच्या उड्यांचं आहे. दोरीवरच्या. मी तिथे पुस्तक मिटून चहा करायला उठलो.

भाषांतर घ्याल तर एमिली विल्सनचं (२०१७). मुलगा फाशी देताना या बायकांना जे म्हणतो, तिथे मूळ ग्रीकमध्ये शिवी नाहीच, नुसतं 'या' अशा अर्थाचं स्त्रीलिंगी रूप आहे. रांडा वगैरे शब्द कित्येक इंग्रजी भाषांतरकारांनी पदरचे घातले. विल्सनबाईंनी ते काढून टाकले.

पाटीपेन्सिल
बापरे. पण थांबा, निवेदन पेनेलोपीचंच ना? म्हणजे पुन्हा राणीच!

रात्रपाळी
हो, जास्त पानं तिचीच आहेत. पण ती बोलता बोलता स्वतःच अडकते. त्या मुलींना शत्रूच्या गोटात मिसळून बातम्या आणायला तिनंच सांगितलेलं असतं, आणि ही गोष्ट तिनं दाईच्या कानावर घातलेली नसते. मालकिणीचं ऐकलं म्हणून गेल्या बिचाऱ्या.

कोपऱ्यातला_वाचक
नवीन कादंबऱ्यांचं एवढं कौतुक मला पटत नाही. होमरला हे सगळं दिसत होतं. त्याच्याच ट्रॉयच्या युद्धावरच्या 'इलियड'च्या एकोणिसाव्या सर्गात ब्रिसेइस पेट्रोक्लसच्या प्रेतावर रडते. ग्रीक योद्धा अकिलीसनं लुटीत आणलेली बाई ती, आणि पेट्रोक्लस अकिलीसचा जिवलग मित्र. नवरा आणि तिघे भाऊ डोळ्यांदेखत गेलेले. एवढंच तिचं भाषण, पंधराएक ओळींचं. पुढे होमर म्हणतो की भोवतीच्या दासीही रडल्या, निमित्त पेट्रोक्लसचं, पण प्रत्येक जण आपापल्या दुःखासाठी. आमच्या गावाकडे मयताला आलेल्या बायका अशाच आपलं रडून घेतात. त्या ओळीनंतर वेगळी कादंबरी कशाला हवी?

तरी वाचायचीच असेल तर पॅट बार्करची 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' (२०१८). ब्रिसेइसच सांगते. सैनिक पार आजच्या इंग्रजांसारखे बोलतात, ते सोसावं लागेल. मधेच लेखिका तिला बाजूला ठेवून अकिलीसच्या डोक्यात शिरते. मला तो दगाफटका वाटला.

खमंग
अवांतर: वड्यात दाण्याचं कूट जाडसर ठेवा.

पाटीपेन्सिल
@कोपऱ्यातला, तुमचंच खरं धरलं तरी पंधरा ओळींवर पाच बायकांची संध्याकाळ निघत नाही हो. शिवाय ब्रिसेइसही मुळात राजघराण्यातलीच ना? आपापल्या दुःखासाठी रडणाऱ्या त्या बाकीच्या कोण, हे होमरही सांगत नाही. मला त्या हव्यात.

ठरलं, 'पेनेलोपियाड'. बाविसावा सर्ग मी मोठ्यानं वाचून दाखवणार. वडे मात्र त्याआधी. नंतर कुणाच्या घशाखाली उतरायचे नाहीत.