सहसंबंध कमी आला, म्हणून चुंबकीय चाचणीला दोष द्यावा का?

धागाकर्ता:
कोअर्सिव्हिटी (चुंबकित पोलादाचे चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारे उलटे चुंबकीय क्षेत्र) मोजून पोलादाच्या हार्डनेसचा (कठीणपणाचा) अंदाज बांधण्याची पद्धत जुनी आहे, पण तिची पारख बहुधा सहसंबंध गुणांकाच्या (दोन राशी किती जुळून बदलतात ते सांगणाऱ्या, जास्तीत जास्त 1 असणाऱ्या) एकाच आकड्यावर उरकली जाते. तो 0.8 आला की ‘पद्धत भरवशाची नाही’ असा शेरा पडतो. या शेऱ्याला माझा आक्षेप आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी 1904 मध्येच दाखवले होते की दोन्ही राशींच्या मापनात यादृच्छिक त्रुटी असल्यास, खऱ्या गुणांकाला दोन्ही मापनांच्या विश्वासार्हतांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने गुणले असता जे उरते तेवढेच आपल्याला दिसते. विश्वासार्हता म्हणजे वाचनांच्या प्रसरणातला (प्रमाण विचलनाच्या वर्गातला) खऱ्या फरकाचा वाटा. खरा गुणांक 0.95, कोअर्सिव्हिटीची विश्वासार्हता 0.9 आणि हार्डनेसची 0.8 धरा, हाती 0.81 येईल. हार्डनेसची विश्वासार्हता मी मुद्दाम कमी धरली आहे, कारण व्हिकर्स चाचणीत हिऱ्याचे टोक दाबून उमटवलेला ठसा मिलिमीटरच्या अंशाएवढ्या जागेपुरताच बोलतो, तर प्रोबच्या (पोलादाला टेकवायच्या चुंबकीय मापकाच्या) ध्रुवांमधून जाणारा चुंबकीय फ्लक्स त्याहून कितीतरी मोठ्या घनफळाची सरासरी सांगतो. ठशातली ही चंचलता चुंबकाच्या खात्यावर का टाकायची?

पहिला प्रतिसाद:
सूत्र बरोबर आहे, निष्कर्ष मान्य नाही. तपासणीच्या टेबलावरचा नग स्वीकारायचा की बाद करायचा हे त्रुटीसकट आलेल्या वाचनावरूनच ठरते. तिथे सूत्र उलटे वापरून, त्रुटीचा परिणाम काढून दुरुस्त केलेला 0.95 कोणाच्याही उपयोगाचा नाही. शिवाय दोन्ही त्रुटी यादृच्छिक आणि परस्परांपासून स्वतंत्र आहेत, हे आपण गृहीत धरले आहे. खडबडीत पृष्ठभागामुळे प्रोबखाली राहणारी हवेची फट दर वाचनाला त्याच दिशेने ढकलत असेल, तर त्याच जागी दहा वाचने घेऊनही ती चूक तशीच राहते. विश्वासार्हता प्रत्यक्षाहून कमी धरली, तर दुरुस्त गुणांक 1 च्याही वर जाऊ शकतो, हे वेगळेच.

दुसरा प्रतिसाद:
दोघांनीही नमुन्यांच्या पल्ल्याला हात लावलेला नाही. विश्वासार्हता हा उपकरणाचा अंगभूत गुण नव्हे. त्रुटी तेवढीच राहिली आणि नमुन्यांतील खरा विखुरलेपणा, म्हणजे प्रमाण विचलन, निम्मे झाले, तर 0.9 ची विश्वासार्हता 0.69 वर येते. म्हणूनच मऊ आणि कडक पोलादे एकत्र करून काढलेला आलेख देखणा दिसतो, आणि एकाच बॅचवर तेच उपकरण निकामी वाटते. खरी गफलत कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे कोअर्सिव्हिटीवरून हार्डनेस सांगणारी रेषा ठरवताना, होते: प्रयोगशाळेत अनेक वाचनांची सरासरी घेऊन काढलेली रेषा तीव्र उताराची असते, आणि तीच रेषा घाईत घेतलेल्या एकेका वाचनाला लावली की टोकाच्या नगांचे अंदाज वाजवीपेक्षा टोकाचे निघतात. ज्या पद्धतीने रोज मोजणार, त्याच पद्धतीने मोजून रेषा काढावी.

धागाकर्ता:
कॅलिब्रेशनबद्दल आपले म्हणणे रास्त आहे. पहिल्या प्रतिसादाशी मात्र मतभेद कायम आहे. नग बाद करण्यासाठी दुरुस्त गुणांक वापरावा असे मी म्हटलेलेच नाही. प्रोब सुधारण्यावर खर्च करावा की पद्धतच सोडून द्यावी, हे ठरवताना तो लागतो.

पहिला प्रतिसाद:
मग एक अडचण लक्षात घ्यावी. मध्यम कार्बनच्या पोलादांत टेम्परिंगचे (कडक केलेले पोलाद पुन्हा तापवण्याचे) तापमान बरेच वाढवले की हार्डनेस उतरत राहते, पण कोअर्सिव्हिटी तिच्याबरोबर सरळ उतरत नाही. तिथला विखुरलेपणा मापनाचा नसून पोलादाचाच आहे, आणि प्रोब कितीही सुधारला तरी तो हटणार नाही. आधी एकाच नगावर पुनर्मापन करून त्रुटी वेगळी काढावी, मग खर्चाचे बोलावे.