शब्दचर्चा : धुरकट, धुरावलेली आणि पहिल्या धारेची

धागाकर्ता

परवा शनिवारी आमच्याकडे चार ग्लास मांडले. प्रत्येकात 15 मिली, वर बशी झाकलेली, बुडाला चिकटपट्टीवर आकडा. कशात काय आहे ते फक्त बायकोला ठाऊक. स्कॉटलंडमधल्या आयला बेटावरची एक धुराची स्कॉच, गोव्यात बनलेली एक सिंगल माल्ट (एकाच भट्टीची, नुसत्या मोडाच्या सातूची व्हिस्की), कोपऱ्यावरच्या दुकानातली 42.8 टक्क्यांची साधी व्हिस्की आणि काजूची फेणी. मेहुण्याने वहीत रकाने आखले: नोज (वास), पॅलेट (तोंडातली चव), फिनिश (घोट गिळल्यावर मागे राहते ती). मी म्हटलं, आज सगळं मराठीत लिहू. जेवढी घेतो तेवढी मराठीत बोलतोच की.

पहिल्याच ग्लासाला गाडी अडली. मेहुण्याने ‘स्मोकी’च्या जागी ‘धुरकट’ लिहिलं. मला ते पटेना, पण का पटत नाही तेही सांगता येईना. तेवढ्यात सासूबाई पाण्याचा तांब्या घ्यायला आल्या. त्या या वाटेला जात नाहीत. दारातूनच म्हणाल्या, “बंबातलं पाणी धुरावल्यासारखा वास कसला येतोय?”

मेहुण्याने ‘धुरकट’ खोडलं. पण मला कारण हवंय. धुरकट, धुरावलेलं, करपट, जळकट यांत नेमका फरक काय करता तुम्ही? आणि ‘फिनिश’ला काय म्हणता?

पंतोजी

सासूबाईंना नमस्कार सांगा, त्या बरोबर आहेत. ‘-कट’ लागला की शब्दात जराशी नापसंती येते. मळकट, तेलकट, मातकट, कळकट, पोरकट. म्हणून धुरकट म्हणजे थोडा धूर असलेलं आणि तो नसता तर बरं झालं असतं असं. धुरकट काच, धुरकट हवा.

धुरावणं ही क्रिया आहे. धूर त्या वस्तूत शिरला आणि मुरला. तुमच्या आयलाच्या स्कॉचमध्ये घडतं ते हेच. मोड आणलेलं सातू वाळवताना भट्टीत पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेली झाडोऱ्याची माती. तिचा धूर ओलसर दाण्यात शिरतो. आंबवणं, गाळणं, पिंपात मुरवणं हे सगळं त्यानंतर. म्हणजे दारूला धूर दिलेलाच नसतो, धान्य धुरावलेलं असतं. ‘धुरावलेली’ हा शब्द नुसता गोड नाही, तंत्राच्या अंगानेही अचूक आहे.

करपट वेगळं. तिथे पदार्थ स्वतः बुडाला लागलेला असतो. आणि खरपूस विसरू नका! अमेरिकन बर्बन व्हिस्की कायद्यानेच आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात ठेवावी लागते. तिला जो भाजका गोडवा येतो तो खरपूसच. धुराशी त्याचं नातं नाही.

एडिंबरावासी

बेटाचं स्पेलिंग वाचून आपले लोक ‘इस्ले’ म्हणतात. खरा उच्चार ‘आयला’ असाच आहे. मराठी माणसाने पहिला घोट घेऊन जे म्हणावं नेमकं तेच बेटाचं नाव निघावं, यापरता योग नाही.

तिथल्या काही व्हिस्क्यांना दवाखान्याचा वास येतो म्हणतात. पीटच्या धुरात फिनॉल गटातली द्रव्यं असतात. आपल्याकडे ज्याने फरशी पुसतात त्या फिनाईलचा वास याच घराण्यातला. माझी आई इकडे आली तेव्हा तिने वास घेऊन विचारलं, “बाळंतिणीची खोली पुसलीय का?” मला आजवर वाचलेल्या कुठल्याच वर्णनापेक्षा ते जास्त कळलं.

‘नोज’ला नुसतं वास म्हणा, सुगंध म्हणू नका. पाणी घातल्यावर तो ‘फुलतो’ म्हणा, कळीसारखा. 2017 साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंची हालचाल मांडून दाखवलं की पाणी वाढवलं की ग्वायाकॉल नावाचं धुरकट वासाचं (चुकलो, धुरावलेल्या वासाचं) द्रव्य पृष्ठभागाकडे येतं. त्यामुळे चमचाभर पाणी घालणाऱ्याला हसू नये.

नवा सभासद

‘नीट’ राहिलं, म्हणजे पाणी-बर्फ न घालता. आमच्या काकांना मी विचारलं, नीट घेणार का? ते म्हणाले, आजवर कधी वाकडी घेतली?

धागाकर्ता

म्हणूनच मी ‘कोरी’ म्हणतो. कोरा चहा, कोरी दारू. घोटाळा नाही.

वैदर्भी

आमच्याकडचा शब्द आणतो, ‘पहिल्या धारेची’. मोहाची फुलं आंबवून भट्टीवर चढवली की वाफ थंड होऊन आधी जी धार पडते ती सगळ्यांत कडक. अल्कोहोल पाण्याआधी उडतं, म्हणून पुढेपुढे धारेत पाणी वाढतं आणि दम कमी होतो. त्यावरून पहिल्या धारेचा म्हणजे अस्सल, बिनभेसळीचा. आता माणसालाही म्हणतात, शिवीलाही म्हणतात.

गंमत अशी की स्कॉचवाला पहिली धार पीतच नाही. दुसऱ्यांदा गाळताना सुरुवातीची धार तो बाजूला काढतो, कारण लवकर उडणारी, नाकात चढणारी द्रव्यं तिच्यातच जास्त. नेलपॉलिश काढायच्या बाटलीसारखा वास असतो तिला. शेवटची धारही नको. मधली तेवढी पिंपात जाते, आणि दोन्ही टोकांची पुढच्या घाण्यात परत गाळायला. तेव्हा चांगल्या व्हिस्कीला ‘पहिल्या धारेची’ म्हणणं हे कौतुक नाही. ‘मधल्या धारेची’ म्हणा. ऐकायला मिळमिळीत वाटतं खरं.

पंतोजी

वा! ‘घाणा’ही छान वापरलात. पाठ्यपुस्तकातलं ‘ऊर्ध्वपातन’ मी वर्गात शिकवलं, पण दारूच्या संदर्भात मला ‘गाळणं’च खरं वाटतं. उसाचं गाळप, त्यातून मळी, मळीतून पुन्हा गाळलेली दारू. आपल्या बहुतेक स्वस्त व्हिस्क्यांचा पाया हा मळीचाच. युरोपात त्यांना व्हिस्की म्हणून विकू देत नाहीत.

नवा सभासद

त्या 42.8 चं काय गौडबंगाल आहे? बाटलीवर ‘25 यू.पी.’ही असतं. मी उत्तर प्रदेश समजत होतो.

एडिंबरावासी

अंडर प्रूफ. जुन्या ब्रिटिश मापात ‘प्रूफ’ म्हणजे 100 अंश, साधारण 57.1 टक्के अल्कोहोल. त्याहून 25 अंश खाली म्हणजे 75 अंश, आणि 57.1चे पाऊण केले की 42.8. साहेब गेला, त्याचं माप बाटलीवर राहिलं.

वेंगुर्लेकर

चौथ्या ग्लासाबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून मी. फेणीला ‘वास मारतो’ म्हणणाऱ्यांचा राग येतो. तो दर्प आहे. दर्प म्हणजे वाईट वास नव्हे, अंगावर येणारा वास. आमच्याकडचे म्हातारे म्हणत, “वास येता म्हणान ती फेणी, नायतर पाणीच.” नावसुद्धा फेण म्हणजे फेसावरून पडलं असं मानतात, उंचावरून ओतून फेसाचे मणी किती टिकतात ते बघत.

बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, आंबवलेला रस एकदा गाळला की उर्राक, ती हलकी. उर्राकात ताजा रस घालून पुन्हा गाळली की फेणी. 2009 साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि उर्राक चैत्र-वैशाखातच प्यायची, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली मिरची घालून. फेणी कोरी. ‘पॅलेट’ वगैरे तिच्यापुढे लिहू नका, ती चिडेल.

आता फिनिश. ‘उतार’ म्हणावंसं वाटलं, घशातून उतरते म्हणून. पण मग सकाळचा ‘उतारा’ आठवतो आणि चर्चा भलतीकडे जाते.

पंतोजी

आयुर्वेदात ‘अनुरस’ आहे. मुख्य रसामागून जाणवणारा. आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की तोंड गोड होतं, ते आठवा. शब्द तयार आहे, पण टेबलावर बसून “अनुरस दीर्घ आहे” म्हणणाऱ्याला पुढचा पेग मिळणार नाही, हेही मान्य.

धागाकर्ता

नाहीच मिळाला. मेहुण्याला म्हणून पाहिलं. आम्ही ‘मागची चव’वर थांबलो, आणि ती किती वेळ राहते यासाठी ‘रेंगाळते’. पहिली धुरावलेली, मागची चव मिठाची, बराच वेळ रेंगाळते. तिसरीपुढे मेहुण्याने ‘मधासारखी, उमदी, मागची चव लांब’ असं लिहिलं होतं. बायकोने चिकटपट्टी काढली. ती कोपऱ्यावरच्या दुकानातली निघाली. तो रकाना त्याने अजून खोडलेला नाही, वही मात्र घरी घेऊन गेलाय.

एक राहिलंच. सकाळी ग्लास विसळायला घेतले तर आयलाच्या कोरड्या ग्लासात वास तसाच होता, रात्रीपेक्षा मऊ, थंड चुलीसारखा. चव नाही, दारूही नाही, नुसता वास. याला काय म्हणायचं?

वेंगुर्लेकर

रिकाम्या हिंगाच्या डबीला तुमच्या सासूबाई काय म्हणतात ते विचारा आधी.