दुय्यम लीगमध्ये खेळणाऱ्या बास्केटबॉलपटूचे पोटपाणी कसे चालते?

प्रश्न : औसेकर मामा

नमस्कार. माझा भाचा लातूरच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय १९, उंची सहा फूट पाच इंच. यंदा विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातून तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळून आला आणि तेव्हापासून एकच धरून बसला आहे की, पदवी सोडून पंजाबातल्या एखाद्या अकादमीत जायचे आणि तिथून परदेशातल्या दुय्यम लीगमध्ये करार मिळवायचा. एनबीए या अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगपर्यंत आपण पोहोचणार नाही हे तो स्वतःच म्हणतो, पण खालच्या लीगमध्येही खेळून पोट भरणारी शेकडो माणसे आहेत, असे त्याचे म्हणणे आहे.

दाजींची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे, सोयाबीन आणि तुरीवर घर चालते. बहिणीने हा विषय माझ्यावर सोपवला आहे. लातुरात वैद्यकीय प्रवेशाविषयी विचारले तर गल्लीतली दहा माणसे अचूक सांगतील, पण असा खेळाडू वर्षभर काय करतो, किती कमावतो, कितव्या वर्षी थांबतो आणि नंतर काय करतो, हे सांगणारे मला कोणी भेटले नाही. भाच्याला गप्प करण्यासाठी मी विचारत नाही. त्याच्यासमोर बसेन तेव्हा मला नुसती काळजी बोलून दाखवायची नाही, माहिती घेऊन बोलायचे आहे.

उत्तर १ : अंबाजोगाईचा, सध्या फ्रिस्को, टेक्सास

मामा, मी राहतो त्या फ्रिस्को गावातच टेक्सास लेजेंड्स हा एनबीएच्या दुय्यम लीगमधला संघ खेळतो, त्यामुळे तुमच्या प्रश्नाची एक बाजू मी जवळून पाहिली आहे. ही दुय्यम लीग २००१ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली, पुढे ती डी-लीग म्हणून ओळखली जाई आणि २०१७ पासून प्रायोजकाच्या नावावरून ती जी-लीग झाली. २०२३-२४ च्या हंगामात साध्या करारावरील खेळाडूला पूर्ण हंगामाचे ४०,५०० डॉलर मिळत होते आणि राहण्याची सोय व आरोग्य विमा वेगळा होता. रुपयांत ही रक्कम तेहतीस लाखांच्या पुढे जाते, परंतु त्यातून कर जातो, हंगाम जेमतेम पाच महिन्यांचा असतो आणि उरलेल्या वर्षासाठी खेळाडूला दुसऱ्या एखाद्या देशात नवा करार शोधावा लागतो. हंगामाच्या मध्यावर संघाने मोकळे केले तर त्या दिवसापासून पगारही थांबतो.

याच लीगमध्ये ‘टू-वे’ नावाचा दुसरा करार आहे, ज्यात खेळाडू एनबीएच्या संघाशीही बांधलेला असतो. त्याच हंगामात त्याची रक्कम साडेपाच लाख डॉलरच्या आसपास होती. म्हणजे एकाच बाकावर शेजारी बसलेल्या दोघांच्या कमाईत दहापटीहून अधिक अंतर असू शकते. मात्र एनबीएच्या प्रत्येक संघाला असे तीनच करार करता येतात, तीस संघांचे मिळून नव्वद, आणि त्यांसाठी साऱ्या जगातून मुले येतात.

आपल्याकडच्या सतनाम सिंगला २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर एनबीएच्या डॅलस संघाने निवडले, तेव्हा भारतात जन्मलेला असा तो पहिलाच खेळाडू होता. सात फूट दोन इंच उंची असूनही दोन हंगामांत त्याला आमच्या लेजेंड्सकडून मैदानावर थोडाच वेळ मिळाला आणि एनबीएचा सामना त्याच्या वाट्याला आलाच नाही. त्यानंतर २०१६ मध्ये पालप्रीत सिंग ब्रारला याच दुय्यम लीगच्या लाँग आयलंड नेट्सने निवडले, पण हंगामापूर्वीच सोडले. २०१७ मध्ये अमज्योत सिंग ओक्लाहोमा सिटी ब्लू संघात टिकला आणि खेळला. हे तिघेही लुधियानाच्या एकाच अकादमीत तयार झालेले आहेत, त्यामुळे पंजाबात जाण्याचा तुमच्या भाच्याचा विचार अगदीच हवेतला नाही.

आंद्रे इन्ग्रॅमविषयी मात्र भाच्याला अवश्य सांगा. या माणसाने दुय्यम लीगमध्ये दहा वर्षांत ३८४ सामने खेळले. भौतिकशास्त्राची पदवी होती, म्हणून पैसे कमी पडत तेव्हा तो मुलांना गणित शिकवत असे. १० एप्रिल २०१८ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, एनबीएच्या लेकर्स संघाने त्याला हंगामाच्या शेवटच्या दोन सामन्यांसाठी बोलावले आणि पहिल्याच रात्री त्याने ह्यूस्टनविरुद्ध १९ गुण केले. तो सामना पाहताना मी माझ्या खुर्चीत बसू शकलो नव्हतो. तरीही त्या रात्रीआधीची दहा वर्षे त्या पदवीच्याही आधाराने निघाली, हे मला विसरता येत नाही.

उत्तर २ : नांदेडचा जुना खेळाडू

वरील उत्तर मनापासून आवडले, पण आपल्या मुलांसाठी ‘दुय्यम लीग’ अमेरिकेत नाही, ती इथे आहे आणि तिचे नाव खात्याची नोकरी असे आहे. रेल्वे, सैन्यदले, बँका, तेल कंपन्या यांचे संघ गेली कित्येक दशके भारतीय बास्केटबॉल चालवत आहेत. खेळाडू नोकरीत असतो, सकाळ-संध्याकाळ सराव करतो, वर्षातले काही महिने स्पर्धांसाठी फिरतो आणि गुडघे थकले की खुर्चीवर बसून काम करू लागतो. आपल्याकडे खासगी लीगची भरभराट झालेली नाही. यूबीए ही अशी एक लीग २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०१७ नंतर थांबली. २०२२ मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघाची इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग आली, तिचे मी स्वागतच करतो, परंतु तिच्यावर घर चालवण्याचा हिशेब आज कोणी मांडू नये.

मी अकरा वर्षे अशा खात्याच्या संघात खेळलो. पंचविसाव्या वर्षी उडी मारून खाली येताना उजव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. मैदान सिमेंटचे होते आणि आदल्या आठवड्यापासून गुडघा सुजलेला असूनही मला पट्टी बांधून उतरवण्यात आले होते. शस्त्रक्रिया झाली, नऊ महिने घरी होतो, आणि त्या नऊही महिन्यांचा पगार माझ्या खात्यात जमा झाला. तोपर्यंत मी त्या नोकरीला खेळाच्या आड येणारी गोष्ट समजत असे. माझ्याबरोबरचा एक मित्र, माझ्याहून कितीतरी चपळ, नोकरी नाकारून हंगामी करारांवर खेळत राहिला होता. त्याला तशीच दुखापत झाली आणि उपचारासाठी त्याच्या वडिलांना म्हशी विकाव्या लागल्या. त्याची निवड चुकली असे मी म्हणणार नाही, कारण त्या चार वर्षांत तो जे खेळला ते मला कधीच जमले नाही. पण दोन्ही वाटांची किंमत तुमच्या भाच्यासमोर असू द्या.

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. पदवी सोडली तर आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येणार नाही आणि खात्यांच्या निवडीत अखिल भारतीय आंतरविद्यापीठ व राष्ट्रीय स्पर्धांतली कामगिरीच पाहिली जाते. ज्या दारातून आत जायचे, तेच दार तो बंद करायला निघाला आहे.

औसेकर मामा

दादा, ही शेवटची बाब आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. काल रात्री त्याला वाचून दाखवली, तेव्हा तो प्रथमच काही न बोलता ऐकत होता. त्याने एकच विचारले की, त्याच्या उंचीला खरोखर किंमत आहे का.

उत्तर ३ : परभणीची क्रीडाशिक्षिका

या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण उंच मुलांच्या बाबतीत आम्ही शिक्षकच एक चूक करतो. शाळेत जो सर्वांत उंच, त्याला आम्ही रिंगखाली उभे करतो. तिथे तो वरून चेंडू टाकतो, सामने जिंकून देतो, आणि चेंडू टप्पा देत पुढे नेण्याची किंवा लांबून मारण्याची पाळी त्याच्यावर येतच नाही. आपल्या जिल्ह्यात सहा फूट पाच इंच म्हणजे मनोरा, पण व्यावसायिक संघात त्या उंचीच्या मुलाला बाहेर खेळावे लागते, कारण रिंगखालची जागा पावणेसात-सात फुटांच्या माणसांची असते. वर उल्लेख आलेला इन्ग्रॅम जेमतेम सहा फूट तीन इंचांचा आहे आणि तो टिकला तो केवळ लांबवरच्या फेकीवर. त्यामुळे भाचा विद्यापीठ संघात कोणत्या जागेवर खेळतो, डाव्या हाताने चेंडू किती सफाईने नेतो आणि ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून शंभरांपैकी किती टोपलीत घालतो, हे आधी पाहावे. ही गणना रोज वहीत लिहायला लावा. माझ्या अनुभवात मुले आपल्या फेकींविषयी नेहमी चढवून सांगतात, ती खोटे बोलतात म्हणून नव्हे, तर त्यांना फक्त गेलेले चेंडू आठवतात म्हणून.

कागदपत्रांचेही आताच पाहा. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते. लातूरला ते कार्यालय आहेच. आपल्याच बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचे राहुल आवारे कुस्तीतून पोलीस उपअधीक्षक झाले आणि आष्टी तालुक्यातले अविनाश साबळे सैन्यात राहून धावले. दोघांचे खेळ निराळे असले, तरी दोघांच्याही मागे पगार होता.

औसेकर मामा

ताई, त्याने आज शंभर चेंडू मारले. तेवीस गेले. वहीत लिहून ठेवले आहे. पदवी पूर्ण करण्यास तो तयार झाला आहे, मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणाकडे तरी शिकायला जाण्याचा त्याचा हट्ट कायम आहे आणि तो मला योग्य वाटतो. दादा, नांदेडला तुमच्याकडे महिनाभर आणून सोडले तर चालेल का? राहण्याची सोय आमच्या नातेवाइकांकडे होईल.

नांदेडचा जुना खेळाडू

जरूर आणा. मी पहाटे साडेपाचला मैदानावर असतो, उन्हामुळे आठनंतर थांबतो. ती वही सोबत असू द्या आणि गुडघ्यांवर पूर्वी कधी सूज आली असेल तर ते त्याने पहिल्याच दिवशी मला सांगावे.