शब्दचर्चा: 'देर्रामे' म्हणजे पक्षाघात का? आणि वर्गात नेमका कुठला शब्द वापरू?

नमस्कार मंडळी. मी ह्यूस्टनला असते, फिजिओथेरपिस्ट आहे, आणि महिन्यातून दोन शनिवार इथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या मोठ्या माणसांना स्ट्रोकची सुरुवातीची लक्षणं कशी ओळखायची ते शिकवते. बहुतेक मेक्सिको, होंडुरास, एल साल्वादोरची, बांधकामावर नाहीतर हॉटेलात काम करणारी. माझी स्पॅनिश बरी आहे पण शब्दांवर अडते.

स्ट्रोकला यांच्याकडे घरगुती शब्द आहे देर्रामे. देर्रामार म्हणजे सांडणं, म्हणजे डोक्यात रक्त सांडलं. पण अमेरिकेत साधारण ८७ टक्के स्ट्रोक रक्त सांडल्याने नाही, गुठळीने वाट अडल्यामुळे होतात. मेक्सिकोतले बरेच जण एम्बोलिया म्हणतात, त्याचा मूळ अर्थ गुठळी अडकणं, पण तेही सरसकट दोन्हीला वापरतात. स्पेनमध्ये इक्तुस, तो माझ्या वर्गात कुणालाच कळत नाही. छापील पत्रकात आक्सिदेंते सेरेब्रोवास्कुलार, तो तर वाचतानाच दम लागतो. मग शास्त्राला धरून बोलू की लोकांना कळेल असं?

प्रतिसाद:
ताई, इक्तुसचं मूळ लॅटिन, अर्थ फटका. इंग्रजी स्ट्रोकही फटकाच, आणि आपला पक्षाघात म्हणजे एका बाजूवर आघात, तीन भाषांत एकच कल्पना! पण प्रश्नाचं उत्तर सांगायचं तर देर्रामेच ठेवा. रक्त सांडलंय की गुठळी आहे हे सीटी स्कॅनशिवाय डॉक्टरलाही सांगता येत नाही, मग घरच्यांनी शब्दावरून ठरवायचं कसं. फक्त एवढं सांगा की आपल्या मनाने ॲस्पिरिन देऊ नका, सांडलेलं असेल तर ते नडतं.

प्रतिसाद:
आमच्या सांगलीकडे 'अंगावरनं वारं गेलं' म्हणतात, अर्धांगवायूतही वायूच आहे. आणि वारं म्हटलं की माणूस दवाखान्यात जात नाही, तेल गरम करून मालिश, कुणी सांगतं पारव्याचं रक्त चोळा. माझ्या आजोबांचं तेच झालं, दोन दिवस मालिश, मग तालुक्याला नेलं. शब्दच औषध ठरवतो हो.

मूळ लेखिका:
काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला, कारण अगदी हेच इथेही आहे! स्पॅनिशमध्ये 'ले दियो उन आइरे' म्हणतात, शब्दशः त्याला वारं लागलं. तोंड वाकडं झालं की म्हणतात, गार हवेत गेला म्हणून. चेहऱ्याची नस सुजून तोंड वाकडं होतं तो आजार वेगळा असतो हे खरं, पण स्ट्रोकमध्येही तोंड वाकडं होतं आणि घरी बसून फरक करायचा नसतो. मागच्या शनिवारी एक मावशी म्हणाल्या, आइरे आहे, शेक दिला की जातं. मी त्यांना म्हटलं, आमच्या देशातही असंच म्हणतात, आणि वर्ग एकदम माझ्याकडे बघायला लागला. तिथून पुढे सगळे मोकळे बोलले.

अजून एक सापडलं. हातापायाला मुंग्या येणं याला स्पॅनिशमध्ये ओर्मिगेओ, आणि ओर्मीगा म्हणजे मुंगीच! पाठ करायची गरजच नाही.

प्रतिसाद:
तिथे इंग्रजीतल्या फास्टसारखं, म्हणजे लक्षणांच्या पहिल्या अक्षरांचा शब्द, असं काही लक्षात ठेवायला आहे का? चेहरा, हात, बोलणं, वेळ?

मूळ लेखिका:
ते स्पॅनिशमध्ये उतरत नाही, कारा, ब्रासो, आब्ला, तिएम्पो, अक्षरं जुळवून काही शब्द होत नाही. म्हणून अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन रापिदो वापरते, म्हणजे लवकर. चेहरा लोंबणं, तोल जाणं, हातातली ताकद जाणं, अचानक दिसेनासं होणं, बोलताना अडखळणं, आणि शेवटी मदत मागवा म्हणजे ९११. तोल आणि डोळे त्यात आहेत हे मला फार आवडतं. पण चेहऱ्याला त्यात रोस्त्रो आहे, जरा कवितेतला शब्द, आपल्या मुखमंडल इतका नाही पण वदनच्या जवळ. घरात कुणी रोस्त्रो म्हणत नाही, कारा म्हणतात, आणि मेक्सिकन बाई ओरडेल ती 'बोका चुएका', तोंड वाकडं! अचानक दिसेनासं होण्याला तर इम्पेदिमेंतो विसुआल, म्हणजे सरकारी फॉर्मवरचा दृष्टिबाधा. मी विचारते, दोन-दोन दिसतंय का, धूसर दिसतंय का.

आओरा असंही एक आहे, म्हणजे आत्ता. चालणं, बोलणं, डोळे, चेहरा, दोन्ही हात नाहीतर पाय. पण त्यातला चालण्याचा शब्द आंदार, माझ्या वर्गात तो हिंडण्या-फिरण्यासाठी वापरतात, चालण्याला कामिनार. आणि मेक्सिकन माणूस आओराचं आओरीता करतो, ज्याचा अर्थ आत्ता, थोड्या वेळाने, किंवा बघू, काहीही होऊ शकतो. म्हणून मी रापिदोच शिकवते.

प्रतिसाद:
मराठीत तर गोंधळ जास्त आहे. पॅरालिसिस म्हणतो आपण, पण तो परिणाम झाला. ज्याचं फक्त बोलणं जड झालंय, हातपाय नीट चालतायत, त्याला घरचे म्हणतात याला कुठं पॅरालिसिस झालाय, झोप लागली की बरा होईल. झटका म्हटलं की हार्ट अटॅक वाटतो. मेंदूचा झटका म्हणावं असं माझं मत, लांब आहे पण जागा तरी कळते.

मूळ लेखिका:
अगदी. आणि 'या से मे पासो', आता गेलं, हे वाक्य मला सगळ्यात भीतीदायक वाटतं. दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरी जायचंच, पुढचा मोठा येऊ शकतो.

शेवटचं विचारते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून हॉस्पिटलात पहिलं विचारतात कधी सुरू झालं. पण झोपेतून उठल्यावर दिसलं तर घरचे म्हणतात सकाळी सहाला, आणि ते चूक आहे, शेवटचा धडधाकट कधी पाहिला ते हवं असतं. याला सोपं स्पॅनिश काय करू?

प्रतिसाद:
ताई, मी माद्रिदला पाच वर्षं होतो. 'कुआंदो लो वियो बिएन पोर उल्तिमा वेस', शेवटचं त्याला बरं कधी पाहिलंत. आणि वियोच ठेवा, विस्ते नको, तुमच्या वर्गात वयस्कर आहेत, त्यांना उस्तेद म्हणजे आपलं अहो-जाहोच बरं.

मूळ लेखिका:
घेतलं. येत्या शनिवारी फळ्यावर सगळ्यात वर हेच लिहिते, त्याच्या खाली बोका चुएका.