शेअरपॉइंट: साइट कलेक्शन, साइट आणि लिस्ट यांचे नाते

प्रश्न
डॉटनेटचा अनुभव आहे, परंतु शेअरपॉइंट सर्व्हरवर (संस्थेतील फाइल आणि माहिती वाटून घेण्याचे मायक्रोसॉफ्टचे सॉफ्टवेअर) प्रथमच काम करत आहे. जुन्या कोडमध्ये एसपीसाइट आणि एसपीवेब असे दोन क्लास सतत दिसतात. त्यांत फरक काय? तसेच लिस्ट म्हणजे डेटाबेसमधील टेबलच, असे समजून रचना केली तर चालेल का?

उत्तर 1
गोंधळ नावांनीच घातला आहे. एसपीसाइट म्हणजे साइट कलेक्शन (एकत्र सांभाळला जाणारा साइटचा गट) आणि एसपीवेब म्हणजे त्यातील एखादी साइट. एक साइट कलेक्शन संपूर्णपणे एकाच कंटेंट डेटाबेसमध्ये (साइटमधील माहिती साठवणारा डेटाबेस) राहते, त्यामुळे कोटा (जागेची मर्यादा) आणि ॲडमिन यांची हद्दही तिथेच ठरते. परवानग्या वरून खाली वारशाने येतात. हा वारसा अगदी एका फाइलपुरताही तोडता येतो, मात्र तसे सर्रास केल्यास कोणाला काय दिसते हे शोधणे जिकिरीचे होते. कोडमध्ये स्वतः तयार केलेले हे ऑब्जेक्ट काम झाल्यावर डिस्पोज (मोकळे) करावेत, पण एसपीकॉन्टेक्स्टकडून (चालू विनंतीचा संदर्भ देणारा क्लास) मिळालेल्यांना हात लावू नये.

उत्तर 2
लिस्टला टेबल समजू नका. एका कंटेंट डेटाबेसमधील सगळ्या लिस्टच्या नोंदी पडद्यामागे एकाच सामायिक टेबलात साठवल्या जातात. एका क्वेरीने सुमारे 5000 ओळींवर लॉक घेतले, की एसक्यूएल सर्व्हर (शेअरपॉइंटमागची डेटाबेस प्रणाली) संपूर्ण टेबलच लॉक करू पाहतो आणि इतरांची कामे खोळंबतात. 5000 नोंदींची प्रसिद्ध मर्यादा यातूनच आली. ती लिस्टच्या आकारावर नसून क्वेरीवर आहे, म्हणून ज्यावर गाळणी लावायची त्या कॉलमला इंडेक्स आधीच द्यावा.

आणखी एक, मराठीत काम करणाऱ्यांसाठी विशेष: कॉलम तयार करताना दिलेल्या नावावरून त्याचे अंतर्गत नाव कायमचे ठरते. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह सात अक्षरांच्या सांकेतिक रूपात जाते आणि मर्यादा 32 अक्षरांची असल्यामुळे ‘रक्कम’ (हलन्त धरून पाच चिन्हे, म्हणजे 35 अक्षरे) एवढे नावसुद्धा अर्धवट कापले जाते. म्हणून आधी रोमन लिपीत नाव देऊन कॉलम तयार करावा आणि दर्शनी नाव नंतर मराठीत बदलावे. कोडमध्ये अंतर्गत नावच वापरावे.

उत्तर 3
वरील क्लास सर्व्हरवर चालणाऱ्या कोडपुरते आहेत. शेअरपॉइंट ऑनलाइनवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरील आवृत्ती) फार्म सोल्यूशन, म्हणजे थेट सर्व्हरवर बसवलेला असा कोड, चालतच नाहीत. तिथे पडद्यावरील भागासाठी शेअरपॉइंट फ्रेमवर्क, तर माहितीसाठी रेस्ट, सीसॉम किंवा मायक्रोसॉफ्ट ग्राफ (सर्व्हरबाहेरून माहिती मागवण्याचे मार्ग) वापरावे लागते. पुढेमागे ऑनलाइनवर जाण्याचा विचार असेल, तर नवे काम एसपीवेबवर उभारू नये. तसा विचार आहे का, हे कळवल्यास नेमके सुचवता येईल.