आप्पांच्या हर्नियाला कमरेतली भूल की पूर्ण?

दादा, तुम्ही विचारलंय की आप्पांचं हृदय कमजोर आहे, मग कमरेतली भूलच सुरक्षित ना? सरसकट तसं नाही. मी रावेरकडे भूल देण्याचंच काम करतो.

कमरेत ब्युपिव्हाकेन हे सुन्न करणारं औषध दिलं की दुखणं थांबतं, पण रक्तवाहिन्यांना आवळून धरणारे मज्जातंतूही सुन्न होतात. केळीच्या मळ्यात ठिबकचे सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले की पंप तोच असून प्रेशर पडतं, अगदी तसंच. तेव्हा बीपी वर आणणारं मेफेंटरमिनसारखं इंजेक्शन तयारच ठेवावं लागतं. महाधमनीची झडप, म्हणजे हृदयातून रक्त शरीरात जातं ते दार, फार अरुंद असेल तर हे प्रेशर पडणं घातक. म्हणून आधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) दाखवा.

पूर्ण भुलीत प्रोपोफॉल झोपवतं आणि बीपीही पाडतं, पण वेदना मारत नाही! त्यासाठी फेंटानिल वेगळं द्यावं लागतं. (आमचे पेशंट म्हणतात, ‘माले काहीच समजाले नको’. त्यांना झोप आणि वेदनाशमन एकच वाटतं.) वेदना दबली नाही तर झोपेतही ठोके आणि बीपी चढतात, नि कमजोर हृदयाला ते झेपत नाही. केटामिन हे भुलीचं दुसरं औषध वेदना मारतं, बीपीही टिकवतं. मात्र ठोके वाढवतं, म्हणून हृदयाच्या रक्तवाहिन्यांत ब्लॉक असल्यास मी टाळतो. एटोमिडेट हे झोपेचं औषध बीपी फारसं हलवत नाही, पण वेदनेवर काही करत नाही.

आणि हो, बीपीच्या गोळ्या मनानं बंद करू नका. कुठली त्या सकाळी घ्यायची, कुठली नाही, हे भूलतज्ज्ञालाच विचारा.